जावयाची केस

वकिलापासून काही लपवाचं नसते, हे मले मधुकररावांनी सांगतलं तेव्हा उशीर होऊन गेला होता. तोपर्यंत मी पोलिसात खोटं बोलून चुकली होती, अन् त्या खोट्याखाली माझी सही होती. अंगठा नाही बरं, सही! 'मंदाबाई सोमाजी' अशी पुरी, वळणदार. चौथी शिकली हाय मी. नसती शिकली तं बरं झालं असतं.

मधुकररावांचं ऑफिस भंडाऱ्याले, कोर्टाच्या मागच्या गल्लीत. जेलात सांगत होते का गरीब असान तं सरकार फुकट वकील देते, फॉर्म भरा. मी म्हटलं, नाही, मी खाजगीच लावतो. ज्याले आपण पैसे देतो तो आपलं ऐकते. मधुकरराव साठीतला माणूस, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरलेला, बोलणं कमी. माझे कागद त्यायनं दोनदा वाचले, मंग चष्मा काढला.

"बाई, तुमचा पोरगा दारू पेऊन गाडी चालवत होता. बराबर?"

"नाही जी."

"नाही? रक्ताच्या रिपोर्टात दारू निघाली हाय."

"दारू पेला होता जी तो."

"मंग?"

"गाडी चालवत नव्हता."

"गाडी चालवत नव्हता तं पकडला कायले?"

"त्यानं सांगतलं ना, मी चालवत होतो म्हणून."

मधुकरराव उठले, बाहेर जाऊन खर्रा थुंकून आले, दार लावलं. "आता मले नीट सांगा. पोरगा पेला कवा? गाडी ठोकाच्या आधी का मंग?"

"मंग. मी पाजली."

असं मी म्हटलं अन् त्या माणसानं डोक्याले हात लावला. आता तुमीबी लावा. पण आधी ऐकून घ्या.

दिवाळी झाली का आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. आज या गावी, उद्या त्या गावी. दुकानं लागतात, दंडारीचा नाच होते, राती नाटक असते, अन् लेकी-जावई झाडून सारे येतात. माझी राखी साकोलीले दिली हाय. जावई चंद्रकुमार, सरकारी नोकरीत लागला, पण अजून पक्का झाला नव्हता. दोन वर्षं नीट काढा, मंग पक्कं करू, असं त्यायचं असते म्हणे. एक पोरगी हाय त्यायले, गुड्डी, तीन वर्षांची. अन् माझा बंटी, कागदावरचा भोजराज, राखीच्या पाठचा. राइस मिलचा पिकअप चालवे. अठ्ठावीसचा होता, शहापूरची एक पोरगी पाहून ठेवली होती, टीना नावाची. माघात लग्न कराचं ठरलं होतं.

बंटी दारूले शिवत नव्हता. त्याचा बाप सोमाजी दारूनंच गेला, पोट फुगून. तवा पोरगा सतरा वर्षांचा. बापाले जाळून आला अन् आंघोळ कराच्या आधी म्हणे, माय, मी कधी तोंडाले लावणार नाही. अन् नाही लावली. मिलवरचे हमाल त्याले हासत, पण तो आपला चहावाला.

यंदा मंडईले जावई येणार म्हणून मी विलायतीची बाटली आणून ठेवली. बंटी नाराज झाला. "माय, या घरात बाटली नोको."

मी म्हटलं, "गप रे. जावई हाय तो. वर्षातून एकदा येते. गाव काय म्हणन, मंदाबाईनं जावयाले कोरडं जेवू घातलं?"

हा माझा मान! जावयाचा मान ठेवता ठेवता पोरगा घालवला मी.

दुपारी जेवणं झाली. जावई अर्धी बाटली पेले असतीन. तोल गेला नव्हता, पण डोळे लाल, अन् बोलणं जरा मोठं. त्यायले सांजेच्या आत साकोलीले पोचाचं होतं, दुसऱ्या दिवशी ऑफिस. बंटीचा पिकअप अड्याळले गॅरेजात होता अन् मले सांजच्या पाहुण्यांसाठी तेल-बेसन आणाचं होतं, तं आम्ही माय-लेक त्यायच्याच गाडीत बसलो. बंटी म्हणे, "भाऊजी, अड्याळवरी मी चालवतो." जावई म्हणे, "काहून? माझी गाडी मले येत नाही का?" बंटी आणखी बोलणार होता. मी त्याले डोळ्यानं दाबलं. जावयाले टोकाचं नसते.

तलावाच्या पाळीवर वळण हाय. तिथं तुलाराम सायकलवर येत होता. बाजूच्या गावचा तुलाराम, तलावात मासे धरे, जाळं मागं बांधलेलं. गाडी सरळ त्याच्या अंगावर गेली. मी पाहत होती. तुलाराम नालीत पडला, पाय कसातरी वळलेला, पण जिता होता, बोलत होता. "मारलं ना बापा मले," एवढंच म्हणे.

बंटीच उतरला पहिले. बंटीनंच त्याले उचललं, दुपट्ट्यानं पाय बांधला, एक ऑटो थांबवला अन् त्याले त्यात घालून दवाखान्यात धाडलं. ऑटोवाला फोनवर पोलिसाले सांगतच गेला. जावई स्टेअरिंग धरून बसले होते. राखी रडून राहिली होती, "गेली, नोकरी गेली, आता गेली." गाडीत दारूचा वास नुसता भरलेला.

आता ही गोष्ट आमच्या गावाबाहेरच्याले समजणार नाही. आमच्याकडं मोहाची दारू गाळतात. धाड पडली का घरात ठरते, केस कोणी घ्याची. कमावत्यानं घ्याची नाही, नोकरीवाल्यानं तं नाहीच नाही. म्हातारी घेते, नाही तं रिकामा बसलेला घेते. 'माल माझा' म्हणते, दंड भरते, अन् सांजेले घरी येऊन जेवते. माझ्या सोमाजीनं दुसऱ्यायच्या कितीक केसा आपल्या अंगावर घेतल्या. त्याले कोणी चोर नाही म्हटलं. उलट म्हणत, सोमाजी वक्ताले कामी पडते. तं दारूची केस म्हणजे अशी, हे माझ्या डोक्यात बसलेलं. एक माणूस द्याचा, दंड भराचा, मोकळं.

मी बंटीले बाजूले घेतलं. "बंटी, केस तू घे."

"घेतो," म्हणे पोरगा. एका झटक्यात. "मी चालवत होतो म्हणून सांगतो. लायसन तं हाय माझ्यापाशी."

इथं जरी मी थांबली असती! पण माझी अक्कल! मी म्हटलं, "अरे, गाडीत वास मारून राहिला. पोलीस इचारतीन, पेला कोण? तुझ्या तोंडाले वास नाही, मंग जावयाचं तोंड पाहतीन. पेलेला एक सापडला का दुसऱ्याले कोणी इचारत नाही." उरलेली बाटली जावयानं संग घेतली होती, सीटखाली होती. मी काढून त्याच्या हातात दिली.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. म्हणे, "माय, हे नोको. बाकी काय सांगशीन ते करतो."

मी म्हटलं, "बहिणीचा संसार हाय बाबू. आजच्या दिवस. औषध समजून पे."

पळसाच्या मागं जाऊन तो उभ्याउभी पेला. पाणी बी नव्हतं. खोकलला, डोळ्यातून धारा लागल्या, मी त्याची पाठ चोळत होती. लहानपणी खोकल्याचं औषध पाजताना चोळत होती तशीच. जावई मागच्या सीटवर जाऊन बसले, गुड्डीले मांडीवर घेऊन. पोलीस आले तवा सारं बराबर होतं.

मले इचारलं, काय पाहिलं? मी सांगतलं, माझा पोरगा भोजराज गाडी चालवत होता, दारू पेला होता, जावई मागं बसले होते. लिहिणाऱ्यानं इचारलं, नेहमी पेते का? मले वाटलं, नाही म्हटलं तं यायले शंका येईन. मी म्हटलं, "हो जी, आदत हाय त्याले. आइकतच नाही." अन् सही केली. अकरा वर्षं ज्यानं थेंब घेतला नाही, त्याले मी माझ्या हातानं दारूड्या लिहून दिलं.

सुरवातीले तं मले वाटलं, जमलं. जावयानं आपल्या ओळखीचा खाजगी वकील लावला. तो म्हणे, दारू पेऊन चालवाचा खटला वेगळा हाय, त्यात सरळ कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. अपघाताचं मंग पाहू, पाय तं मोडला हाय नुसता. बंटीनं पवनीच्या कोर्टात 'कबूल' म्हटलं, जावयानं दंड भरला, चौथ्या दिवशी आम्ही घरी बसून भाजी-भाकर खाल्ली. राखीचा फोन आला. "आई, बंटीचे उपकार मी फेडू शकत नाही गं." मी म्हटलं, "उपकार कायचे पोरी? भाऊ कायले असते?" भारी खुशीत होती मी त्या दिवशी.

बाराव्या दिवशी तुलाराम नागपूरले दवाखान्यात मेला. पायाचं रक्त कुठं छातीत जाऊन अडकलं म्हणे.

संध्याकाळच्या आत पोलीस दारात, बंटीले घेऊन गेले. कलम वाढलं होतं. पेऊन गाडी चालवली अन् माणूस मारला, आता ती केस दंडाची राहिली नाही, जेलाची झाली. जावयाचा तो वकील फोन उचले ना. तवा मले समजलं का मी म्हणत होती तेच खरं, ज्यानं पैसे दिले त्याचंच वकील ऐकते. तो वकील बंटीचा नव्हताच कधी.

तुलारामच्या तेरवीले मी गेली. सगळे म्हणत, जाऊ नोको, मारतीन. कोणी मारलं नाही. त्याची बायको शकुनबाई भिंतीले टेकून बसली होती. मी तिच्या पायाजवळ बसली. तिनं मले नीट पाहून घेतलं. मंग म्हणे, "तुझ्या पोरानं माझा माणूस मारला. पण पळून नाही गेला तो. उचलून दवाखान्यात धाडलं, कबूल केलं. आजकाल कोण करते?" माझ्या जिभेवर आलं होतं, बाई, तो नव्हता. पण मंग कोण, हे सांगा लागलं असतं. मी गप उठून आली. एवढी हलकट मी जिंदगीत कधी नव्हती.

त्याच्यानंतर मी मधुकररावांकडं गेली, अन् तो सुरवातीचा सवाल-जवाब झाला. सारं ऐकून ते म्हणे, "मंदाबाई, मी लढतो. पण तुमी मले लढाले काय ठेवलं? पोरगा एकदा कोर्टात कबूल करून चुकला. रिपोर्ट त्याच्या विरोधात. अन् सरकारची मोठी साक्षीदार कोण, तं सख्खी माय."

"मी आपला जबाब बदलतो जी."

"बदला. सरकारी वकील इचारन, तवा खोटं बोलल्या का आता? पोराले वाचवाले कोणती माय खोटं बोलत नाही?" मंग बोटांवर मोजलं त्यायनं. "गाडीत चार मोठी माणसं. दोघं तुमच्याकडचे, दोघं त्यायच्याकडचे. त्यायच्यातून एक जण आला पाहिजे."

"चारही माझेच हायत साहेब," मी म्हटलं.

दोन महिन्यांनी त्यायनं बंटीले जमानतीवर काढला. वाळून काटा झाला होता. लायसन गेलं, मिलमालकानं दुसरा ड्रायव्हर ठेवला. शहापूरवाल्यायचा निरोप आला का टीनाले दुसरीकडं देऊन राहिलो. बंटी म्हणे, "बराबर हाय त्यायचं. दारूड्याले कोण पोरगी देते?" हासला बी. मले तो हासलेला पाहवला नाही.

मी साकोलीची बस धरली.

राखीच्या घरी पोचली तं जावई दारातच भेटले. त्यायचं बी काही खरं नव्हतं. गालफाडं बसलेली, डोळ्याखाली काळं. मी काही बोलाच्या आधी माझ्या पायाशी बसले. जावयानं सासूचे पाय धरले! आमच्यात असं होत नाही. "मामी, मी झोपलो नाही त्या दिवसापासून. मी येतो कोर्टात. मी सांगतो, मी होतो म्हणून."

माझ्या जिवात जीव आला. मी म्हटलं, "जावईबापू, देव तुमचं भलं करो."

तेवढ्यात राखी सैपाकघरातून आली. हात पिठाचे. "कुठं जाता तुमी? कोणत्या कोर्टात? नोकरी जाईन, जेल होईन, मंग मी अन् गुड्डी काय खाऊ? चार महिन्यांत पक्के होता तुमी." अन् माझ्याकडं वळली. "आई, तूच म्हटलं होतंस ना बंटीले, केस घे म्हणून? मी म्हटलं होतं? यायनं म्हटलं होतं?"

"मीच म्हटलं बाई. पण तवा तुलाराम जिता होता."

"मंग आता तो मेला तं माझा माणूस देऊ का तुले? बंटी एकटा हाय. त्याच्या मागं कोण हाय?"

"मी हाय ना गं."

तशी ती रडाले लागली. पण रडता रडता बोलली ते मी विसरणार नाही. "आई, तू कोर्टात जाऊन यायचं नाव घेशीन, तं मी बी येईन. अन् सगळ्यायसमोर सांगीन का माझी माय खोटी बोलते. देवाची शपथ घेऊन सांगीन."

जावई खाली मान घालून उभे. मंग गुड्डीले उचलून आत गेले. आपलेच दात अन् आपलेच ओठ म्हणतात, तसं झालं माझं. कोणाले शिव्या देऊ? राखी म्हणे, जेवून जा. मी पाणी बी घेतलं नाही. बसमध्ये मले तिचा राग आला, मंग वाटलं, मी तिच्या जागी असती तं काय केलं असतं? हेच केलं असतं. माझीच पोरगी ती.

मी पक्कं ठरवलं. कोणी येवो न येवो, मी खरं सांगीन. बंटीले सांगतलं तसं.

तारखेच्या दिवशी आम्ही सकाळच्या बसनं भंडाऱ्याले गेलो. मधुकररावांनी समजावून ठेवलं होतं, आज जजसाहेब आरोप वाचून दाखवतीन अन् इचारतीन, गुन्हा कबूल हाय का? म्हणाचं, नाही. बस, एवढंच. मंग पुढं साक्षी-पुरावे होतीन, वर्ष-दोन वर्ष जातीन, तोवर काही मार्ग निघन.

बंटीचं नाव पुकारलं. तो उभा राहिला. जजसाहेबांनी वाचलं, इचारलं. बंटी म्हणे, "कबूल हाय साहेब."

मधुकरराव ताडकन उठले. जजसाहेब बी थांबले. भला माणूस होता. म्हणे, "याचा अर्थ समजतो का तुला? शिक्षा होईल, कैद होईल." बंटी म्हणे, समजते. साहेब म्हणे, "वकिलांशी बोल, नीट विचार कर. दुपारी पुन्हा विचारीन."

बाहेर लिंबाच्या झाडाखाली मी त्याले धरलं. हलवलं गदागदा. "येडा झाला का रे? काय करून राहिला तू?"

मधुकरराव म्हणे, "अरे, मले लढू तं दे."

बंटी त्यायले म्हणे, "साहेब, तुमी लढान. पण कोणाच्या भरवशावर? माय उभी राहीन अन् म्हणन, जावई होता. मंग राखी उभी राहीन अन् म्हणन, माय खोटी. तुमी दोघीयले उलटसुलट इचारान. अन् मी तिथं बसून पाहू?" मंग माझ्याकडं वळला. "राखीचा फोन आला होता माय. लय रडली. मी तिले म्हटलं, तू येऊ नोको, गरजच पडणार नाही."

"मले नाही पाहिजे तिचं रडणं! मले तू पाहिजे."

"मी दोन-चार वर्षांत येईन वापस. त्यायचं घर मोडलं तं ते वापस येत नाही."

मी खालीच बसली. म्हटलं, "बंटी, माझी चुकी हाय रे. मी पाजली तुले."

"तू बाटली दिली," तो म्हणे. "तोंड माझं होतं. नाही म्हणता आलं असतं मले." माझा राग करता तं सोसलं असतं मी. त्यानं रागबी नाही केला. चहा आणून दिला मले टपरीवरून.

दुपारी पुन्हा पुकारा झाला. जजसाहेबांनी पुन्हा तेच इचारलं. कोणी धाक दाखवला का? पैसे दिले का? बंटी म्हणे, "नाही साहेब. मी दारू पेऊन गाडी चालवली. माझ्या हातानं झालं."

मी मागच्या बाकावर होती. कवा उठली मले माहीत नाही. "खोटं हाय साहेब! तो खोटा बोलून राहिला! जावई होता गाडीवर. दारू मी पाजली याले, मंग पाजली, माझ्या हातानं! माझा पोरगा पेत नाही हो!"

सारं कोर्ट माझ्याकडं पाहाले लागलं. पोलीस धावले. साहेबांनी हातानं त्यायले थांबवलं. कागद पालटले. "तुम्ही मंदाबाई? आरोपीची आई?"

"हो जी."

"हा तुमचा जबाब आहे. मुलगा गाडी चालवत होता, त्याला दारूची सवय आहे, असं तुम्ही लिहून दिलं. ही सही तुमची?"

"माझीच हाय साहेब. पण ते खोटं हाय."

"मग तेव्हा खोटं का बोललात?"

आता काय सांगू त्यायले? मंडई सांगू, का केस घेणं सांगू, का सोमाजी सांगू? माझ्या तोंडून एवढंच निघालं, "जावई होता जी तो."

कोणीतरी हासलं. साहेब नाही हासले. त्यायनं बंटीले इचारलं, "तुझी आई म्हणते ते खरं आहे का?"

बंटीनं माझ्याकडं पाहिलं. भलत्या मायेनं पाहिलं. अन् साहेबांले म्हणे, "नाही साहेब. माय भेली हाय. एकटा पोरगा हाय ना मी तिचा. तिच्यावर केस नोका करू, तिले समजत नाही काही."

साहेबांनी मान हलवली अन् त्याचं 'कबूल' लिहाले घेतलं.

मले बाहेर नेलं. एका पोलीसबाईनं बाकावर बसवलं. टीनाच्याच वयाची असन. मी तिचा हात धरला, म्हटलं, "बाई, तू तरी ऐक. तो चालवत नव्हता. मी खरं सांगून राहिली."

"हो मावशी," ती म्हणे, अन् आपल्या बाटलीतलं पाणी मले दिलं. "इथं आलेली हरेक माय हेच सांगते."